हिरवं कुठे उरलंय

मंगळवारी अंगात नुसता सदरा पुरत होता.
बुधवारी रात्री कॅनडाकडून वारा उतरला,
आणि गुरुवारी पहाटे कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी
भांड्याच्याच आकारात उचलून हातात आलं.

शुक्रवारी रेनोचा फोन.
"होडी वर काढायचीय. त्याआधी एकदा
बास बघून येऊ. येतेस?"

कागदावर मी आता त्याची सून नाही.
एप्रिलपासून नाही.
पण कागद मागणाऱ्यातला रेनो नव्हे;
तीस वर्षं त्याने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला,
कुणाच्या दारासमोरचा, हे न विचारता.

तळं वाफाळत होतं.
सुतळीला बांधलेला थर्मामीटर त्याने बुडवला,
वर काढून चष्म्याशी धरला.
"एक्कावन्न. सोमवारी बासष्ट होतं,"
घरातल्या आजाऱ्याचं वजन सांगावं तसं म्हणाला.

मग जुनी जागा. लव्हाळ्यांच्या आतला उथळ खिसा.
इथे त्याने चाळीस ऑक्टोबर काढलेत,
ड्वेनने पहिला मासा इथेच धरला
(हे तो बोलला नाही, मी ऐकलं).
पाणवेली तपकिरी, लिबलिबीत,
कुजक्या कोबीचा वास.
गळ टाकायचा, ओढायचा, घाण सोडवायची,
पुन्हा टाकायचा.
काठीच्या कड्यांत बर्फ धरला की
तो टोक पाण्यात बुडवायचा,
मी माझं तोंडात धरायचे.
त्याला हसू आलं. ते त्याने मफलरमध्ये ठेवलं.

दोन तास. गळाला कुणी नाकसुद्धा लावलं नाही.
"मरगळलेत," तो म्हणाला. "थंडीत त्यांचंही रक्त जड होतं."
जागा सोड, असं सांगणारी मी कोण?

ते वाऱ्यानेच केलं.
नांगर घसरला, होडी हळूहळू मागे गेली,
जिथे तळ एकदम खाली जातो तिथवर.
मी दोर ओढला, तर नांगराला गुंतून
एक फांदी आली,
हिरवी. ताठ. जूनमधली असावी अशी.
मोडली तर काकडीसारखी वाजली.

रेनोने ती हुंगली.
त्या तपकिरी पट्ट्याकडे वळून पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
आणि नांगर माझ्या हातातून घेऊन
तिथेच पुन्हा सोडला.

चौदा फूट पाणी. गळ तळाशी.
"हलवू नकोस. अजून नको.
अजून."
काही न करणं एवढं अवघड असतं
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, होतं.
मग दोर नुसता जड झाला,
झटका नाही, काही नाही,
बादलीतून ओली चादर उचलावी तसा.

चार पौंड, रेनोच्या मते. माझ्या मते साडेतीन.
सोडताना हात मनगटापर्यंत पाण्यात गेला
आणि तिथे चक्क ऊब होती.
मासा गेल्यावरही मी तो लगेच काढला नाही.

परतताना ती फांदी ट्रकच्या काचेपाशी,
हीटरच्या झोतात. गॅस स्टेशन येईतो
मऊ पडली होती. कुणीच उचलली नाही.
"मे महिन्यात होडी पाण्यात घालायला
दोन माणसं लागतात,"
रेनो रस्त्याला म्हणाला.