पाठ

उदगीरच्या आमच्या तालमीत आरसा नाही.
कोण कसा दिसतो ते माती सांगते.
गुडघ्याला लागली तर चालतं,
कपाळाला लागली तर बरंच,
पाठीला लागली की
हाशमवस्ताद बोलायचे थांबतात.

दोन दिवस थांबतात.

मी आले तेव्हा नऊ वर्षांची.
पहिला डाव ढाक नव्हता, पट नव्हता.
"बेटी, रात्री उताणं झोपायचं नाही," एवढाच.
तेव्हापासून कुशीवर झोपते.
टायफॉइडमध्ये सुद्धा, सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर,
सलाईनचा हात वर टांगलेला अन् मी कुशीवर.
नर्स म्हणाली, पोरगी हट्टी आहे.
मी सराव करत होते.

मग एकविसाव्या वर्षी दम जायला लागला.
तिसऱ्या मिनिटाला छातीत
चढावरची जुनी एसटी गचके खायची.
चार फड, चार वेळा तेच.
वस्तादांनी बदाम वाढवले, सपाटे पाचशेवर नेले.
एसटी तिथेच.

तेव्हा अप्पांना बोलावलं.
शिवलिंगअप्पा हलकुडे, रिटायर कंडक्टर,
डेपोमागच्या मैदानावर पहाटे
आठ म्हाताऱ्यांना श्वास मोजायला शिकवणारे.
चप्पल बाहेर काढली,
हौद्यातली माती चिमटीत घेऊन कपाळी लावली,
म्हणून वस्ताद काही बोलले नाहीत.

भुजंगासन पाहून पोरं हसली.
"अप्पा, हा तर आमचा जोरच की,
मधेच तोडून थंड करायला ठेवलेला."
"तेच म्हणूलालो की," अप्पा म्हणाले,
"तुम्हाला च्या उकळता येतो,
बशीत ओतता येत नाही."

दीड महिना दोघांच्या मधे मी.
हे म्हणायचे धर, ते म्हणायचे सोड.
सोड हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात.
पण पट काढताना तोंडातून हवा सोडली
तर समोरचीचा पाय हलका लागतो,
हे मला कळलं, अन् वस्तादांनी पाहिलं,
अन् ते तसबिरीतल्या मारुतीकडे बघत
उगाच उदबत्ती नीट करत राहिले.

मग एका गुरुवारी अप्पा म्हणाले,
"आता शेवटचं. उताणी पड."

तालीम गप्प झाली.
"पाठ टेक. पाय सैल. मेल्यासारखी."
मी बसूनच.
"अप्पा, हे सोडून काहीही सांगा."

ते माझ्याशेजारी बसले.
"बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभा होतो मी.
खाली उतरलो की जमीन हलायची.
थांबलेल्या जमिनीवर उभं राहायला
मला रिटायर व्हावं लागलं, पोरी.
तू तोवर थांबू नको."

मी काहीच बोलले नाही.
उठले ते वस्ताद.
लुंगी खोचली, हौद्यात उतरले.
तीन जिल्ह्यांत कुणी लावली नाही म्हणतात ती पाठ.
(ते स्वतःही म्हणतात.)
आधी एक कोपर टेकलं, मग दुसरं,
मग बराच वेळ तसेच,
वरून खरंच कुणी दाबत असल्यासारखे.
मानेच्या शिरा फुगलेल्या.
मग
टेकले.

पंच नव्हता. शिट्टी नाही.
पत्र्याकडे बघत म्हणाले,
"अरे, इथं तर चिमणीचं घरटं आहे.
कधीपासून?"

कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्यांच्या बाजूला पडले.
माती गार. ताकाचा आंबूस वास, हळद, कापूर.
माकडहाड टेकलं, खांदे टेकले,
मधला मणका तेवढा कमानीसारखा उचललेला,
पहाऱ्यावर बसलेला.
त्याला उतरायला अजून आठवडा लागला.

परवा अहमदपूरच्या फडात हरले.
सहाव्या मिनिटाला, दम शाबूत असताना,
स्वच्छ पाठ लागली.
आभाळात एक घार होती, ती पूर्ण दिसली.

तालमीत आले तेव्हा अंधार पडलेला.
वस्ताद बदाम भिजत घालत होते.
मी दारातच उभी, दोन दिवस मोजायला तयार.
"जेवलीस का?" म्हणाले.

रात्री सवयीनं कुशीवर वळले.
थोड्या वेळानं परत वळले.