कडं

नॅरोगेज बंद झाली तेव्हा रुळांखालचे लाकडी स्लीपर
उपटून स्टेशनामागं रचून ठेवले होते.
अजून उन्हाळ्यात दुपारी घाम फुटतो त्यांना,
काळा, क्रिओसोटचा.
खालची हातभर माती तेलकट,
तिथं गाजरगवतसुद्धा उगवायला बिचकतं.
पुस्तकात या कुळाला सुगंधी संयुगं म्हणतात.
पुस्तक लिहिणारा
मे महिन्यात दारव्ह्याकडे आलेला नसावा.

मी तासिका तत्त्वावर शिकवते.
चमचा, उकळून घेतलेली बाटली, खिशात लेबलं.
निवृत्त गँगमन सुखदेव गेडाम स्लीपरवर बसून बघत होते.
'माती कशाले नेता मॅडम? इथं काई जित्तं नाई.'
आहे, म्हटलं. हे डांबर खाणारं आहे.
ते हसले नाहीत.
'दुसरं काई भेटत नसन म्हणून?'

हाच प्रश्न मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना घालते,
पाच गुणांना.

सक्सिनेट असेल तर
ते फिनॉलकडे ढुंकूनही बघत नाहीत.
आयतं ताट आधी.
ते चाटूनपुसून झालं की सगळं थांबतं,
वाढीचा आलेख आडवा, तासन्‌तास.
प्रणोती भोयर म्हणते, मॅडम, मेले.
मेले नाहीत गं.
आत घणाचे आवाज असतील, आपल्याला ऐकू येत नाहीत:
वलय फोडायची हत्यारं घडवणं चालू आहे.
हत्यारं महाग पडतात,
म्हणून आधीपासून घडवून ठेवत नाहीत.
जनुकं तिथंच असतात, घडी घातलेली,
आणि त्यांच्या तोंडाशी एक प्रथिन
रिकाम्या मुठीनं बसलेलं.

सुखदेवकाकांना सांगताना मी म्हटलं,
फाटकवाल्यासारखं.
गाडी आली की उघडतो.
'फाटक गाडी आल्यावर बंद होते, मॅडम.'
खरंच की.
बराच वेळ आम्ही दोघंही रुळांच्या जागेकडे बघत राहिलो,
तिथं आता कुणीतरी तूर पेरली होती, ती वाळून उभी.
मग तेच म्हणाले,
'गोळा म्हना.
वेताचं कडं राहे, त्याले चामड्याची थैली, थैलीत गोळा.
डायवर धावत्या इंजिनातून कडं फेके,
मास्तर गोळा काढून पेटीत टाके,
तवा फुडची लाईन भेटे.
गोळा नाई त गाडी उभी.
मंग साहेब असो का मंत्री.'

मी वहीत लिहून घेतलं.
बेंझिनच्या जातीचं एखादं वलय येतं,
त्या रिकाम्या मुठीत नेमकं बसतं,
मूठ वळते, पुढची लाईन मिळते,
एकामागून एक जनुकं सुटतात.
फरक एवढाच की इथं
शेवटी कडंच खाल्लं जातं.
तुटून सरळ होतं, लहान होत जातं,
सक्सिनेटपाशी येऊन पोचतं.
आयतं ताट, पण स्वतः रांधलेलं.
'म्हंजे कडं संपलं का लाईन बंद?'
बंद. परत घडी.
'ब्येस हाय,' ते म्हणाले. 'आमची उलटी झाली.
कडे अजून गोदामात टांगून हायत.'

दोन माती आणल्या होत्या,
एक ढिगाखालची, एक वीस पावलांवरच्या बांधाची.
दोन्हींतले जंतू साध्या अन्नावर वाढवून
कॅटेकॉल फवारलं: दोन्ही पांढरे, ढिम्म.
फिनॉलवर वाढवून फवारलं:
ढिगाखालचे मिनिटात पिवळे,
ओल्या हळदीसारखे,
प्रणोतीनं तोंडावर हात घेतला.
बांधावरचे बहुतेक उगवलेच नाहीत.
उगवल्या त्या तीन ठिपक्यांनी वेळ घेतला,
पण पिवळे तेही झाले.
वीस पावलांवर, वास पोचत नाही अशा जागी
कितीएक पिढ्या त्यांनी ते वाक्य
न वाचता जपलं होतं.

निकाल सांगायला गेले तर काकांनी तळहात पुढे केले.
एकतीस वर्षं स्लीपर उचलले,
राखेनं घासले, लिंबानं घासले,
'भाकरीले वास ये. बायको म्हने, डांबर जेवता का?
ह्यायच्यावर असतीन का वो ते?'

मी ओला बोळा त्यांच्या रेषांवरून फिरवला.
त्यांनी डोळे मिटून घेतले होते, इंजेक्शन असल्यासारखे.

प्लेट फिनॉलवर ठेवली आहे. अजून कोरी.
उद्या तिसरा दिवस, रविवार,
कॉलेज बंद.
शिपायाकडून किल्ली मागून घेतली आहे.