तिसरं पदक

हळदोण्याहून टेम्पोत उभं करून आणलं त्यांना,
चादरीत गुंडाळून, वरून सुंभाची गाठ.
आर्मिंदाबाय म्हणाली, "आमचो शापाय. मेजर.
तिमोरांत झुजला." आणि मग हळूच,
"वाळवी चौकटीलाच लागलीय ना फक्त?"

फक्त चौकटीला.

म्हापशाच्या या खोलीत पंखा बंद करून
कापसाला थुंकी लावून कपाळापासून सुरू केलं.
जुना मळ थुंकीनेच सुटतो,
मेजरसाहेबांनी माफ करावं.
मेणबत्त्यांचा धूर निघाला, साठेक पावसाळ्यांची बुरशी,
एका माशीचं आयुष्यभराचं लिखाण.

भिवया कडक. मिशी कडक.
डोळे मात्र आतून कुणी जेवायला हाक मारल्यासारखे
किंचित वळलेले.

छातीवर पाच पदकं. भिंग धरलं:
प्रत्येकाच्या पितळेत एक इवली पांढरी खिडकी,
शिंपल्यांच्या तावदानांची.
तिमोरचा उजेड नव्हे हा.
हा हळदोण्याचा, दुपारी तीनचा,
खाजनातल्या पाण्यावर आपटून घरात शिरलेला.

तलवारीच्या मुठीवरचा हातही त्यांचा नाही.
अंगठ्याशी घट्टा, नखात निळा रंग.
मेजर वामकुक्षीला गेले असणार,
चिताऱ्यानं आपलाच हात समोर धरून वेळ मारून नेली.

आणि तिसरं पदक
कापसावर आलं.
आधी पिवळं, मग तांबडं, मग अख्खं.
तेलावर लावलेला पाण्याचा रंग, कुणा दुसऱ्याच माणसाचा.
मी थांबले.

खाली गणवेशाचा गडद निळा,
त्यात बोटभर उसवण,
हिरव्या दोऱ्यानं शिवलेली.
चिताऱ्यानं पाहिली तशी काढली होती,
एकेक टाका.

फोन केला. "पदकं किती होती?"
"पाच. मोजायला त्यांच्यावरच शिकलो आम्ही,
तेर्स चालू असताना."

दुसऱ्या दिवशी आली. चष्मा पुसला.
बराच वेळ उसवणीवर बोट, न टेकवता.
"शामायचो टांको," म्हणाली.
आजीला म्हणे हिरवा आणि निळा वेगळा दिसायचाच नाही.
घरातल्या सगळ्या निळ्या कपड्यांना
असेच हिरवे टाके.

पदक परत रंगवू का, विचारलं.
उत्तर दिलं नाही.
तो कापूस मागून घेतला, काड्यापेटीत ठेवला,
पर्स बंद केली, आणि म्हणाली,
"एक पदक कमी केलंस,
आता पैसेही थोडे कमी कर."