हिला हॉर्न नाही

पैलाडच्या अंगणवाडीत भटू मिस्तरी आला,
नखांत ग्रीस, खिशात खडूचा तुकडा.
बाई म्हणाल्या, "खिचडी शिजेस्तोवर
काका गाडी दाखवतील. नाकं पुसा."

भटूने फरशीवर काढली
एक लांब नाकाची, चपटी,
पाल भिंतीला, तशी रस्त्याला चिकटलेली.
चाकं मात्र ढोलाएवढी.
"ही शर्यतीची गाडी.
हिला हॉर्न नाही."

"मंग कुत्रं मधी आलं तर?"
"हिच्या रस्त्यावर कुत्रं नसतं."
कुत्र्याशिवायचा रस्ता!
मुलं जरा वेळ बघतच राहिली.

डिकी नाही. टप नाही.
वांग्यांची गोणी ठेवायला जागा नाही.
सीट एकच.
"आई कुठं बसते?" "घरी."
"मांडीवर कोण?" "कोणीच नाही."
वेदूचा खालचा ओठ बाहेर आला.

भटूने घाईघाईने रस्त्याकडेला
माणसं काढली, काड्यांची, पुष्कळ.
"हे सगळे तिचेच. तिची वाट बघतात.
ती आली की तुझं नाक पुसून होईस्तोवर
चारही चाकं नवी!"
"तुम्हाला किती वेळ लागतो?"
"मला?" भटू म्हणाला, "एका चाकाला
दोन चहा."

"आवाज कसा करते?"
भटूने गाल फुगवले, डोळे मिटले,
झ्यँऽऽऽऽऽव!
दाराशी बांधलेल्या शेळीने दावं तोडलं.
आणि बावीस गाड्या एकदम सुटल्या,
निंबाभोवती,
एका पायात चप्पल, एका पायात नाही,
झ्यँव झ्यँव, धूळ, शेंबूड, झ्यँव,
सगळ्यांत मागे दीड वर्षाची मुक्ताई
बसल्या बसल्या घसरत.
बाईंनी पातेल्याचं चौकड्याचं फडकं हलवलं,
तेव्हा कुठे थांबल्या.

हितांशू धापा टाकत म्हणाला,
"आठेच उनी?
मंग गयी कसाले?"

भटू खडू चोळत राहिला.
वीस वर्षांत गॅरेजात आलेली प्रत्येक गाडी
कुठेतरी निघालेली होती:
धुळ्याला, दवाखान्यात, कापूस घेऊन जिनिंगला.
हे कोणी विचारलंच नव्हतं.
"विचारून सांगतो," तो म्हणाला.
कोणाला, ते नाही सांगितलं.

खिचडी वाढली. फरशी पुसली.
गाडीचं नाक तेवढं उरलं,
दाराकडे वळलेलं.

भटूने लुना काढली.
फाटकाकडे न जाता
उगीच एक फेरा मारला निंबाला,
आणि सवयीने अंगठा दाबला, पीं पीं!

आतून बावीस घास भरली तोंडं ओरडली:
"काकाऽऽ! हॉर्न नाही!"