कानाच्या जरा वर

रात्रभर जागवून आणलाय त्याला.
चिठ्ठीत आम्हीच लिहिलं होतं: मूल झोपता कामा नये.
म्हणून चिलोए बेटावरून निघालेल्या फेरीबोटीत
आईनं त्याला डेकवर वाऱ्यात उभं केलं
आणि साखळीच्या कड्या मोजायला लावल्या.
पेंगला की बहिणीचा चिमटा.
एलेउतेरिओ मान्सिया, वय नऊ.
पुढचा एक दात अर्धा.

दाताचं आईच सांगते, मी न विचारता.
पहिल्या वेळी शेजारणीनं चमचा घातला तोंडात,
जीभ गिळेल म्हणून.
जीभ कुणी गिळत नाही, बाई.
हे मी मनात म्हणते. बोलायचं काम डॉक्टरांचं.
माझं काम एकवीस तारा, चिकट मलम, डोक्याभोवती जाळी,
आणि स्वतःचा चेहरा कोरा ठेवणं.

पहाटे चार, कधी साडेचार.
गुळण्या केल्यासारखा आवाज.
आई शिंपल्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला,
चहा उकळत असतो, आणि आतून तो आवाज.
चहा दर वेळी उतू गेलाय, ती म्हणते,
जणू तेही मी लिहून घ्यायला हवं.

ओळखलं मात्र बहिणीनं दिलेल्या चित्रफितीवरून.
अडेलिंडा, अकरा वर्षांची, त्याच्याच पलंगावर झोपते.
तिनं अंधारात फोन धरला, पन्नास सेकंद,
आणि त्याबद्दल थोबाडीत खाल्ली:
भाऊ मरतोय आणि तू फोटो काढतेस?
फोनमध्ये अर्धाच चेहरा ओढला जातोय,
ओठात गळ अडकावा तसा. लाळ. गाल उडतोय.
पण डोळे. डॉक्टर ओयार्सोंनी तीनदा पाहिलं ते.
डोळे कुठे गेलेले नव्हते.
ते सरळ बहिणीकडे बघत होते.

मग तो झोपला. वाक्य अर्धं टाकून झोपला.
पडदा आधी सपाट, जवळजवळ कंटाळवाणा,
आणि झोप खोल जाताच काटे,
एकेक, मग झुंडीनं,
कानाच्या जरा वर, जिथे लोकरीची टोपी टेकते.
वीस वर्षं मी काटे बघतेय.
काही सगळा पडदा ओरबाडून काढतात.
त्या मुलांच्या आयांना मी पाणी आणून देते
आणि खिडकीबाहेर बघते.
हे तसे नव्हते. यांची जागा ठरलेली होती,
आणि मागचं पाणी स्वच्छ.
चेहरा मी तरीही कोराच ठेवला. सवय.

सौम्य प्रकार आहे, डॉक्टर म्हणाले.
सौम्य?
तिनं तो शब्द तोंडात घोळवला,
घास गिळण्याआधी माशाचा काटा चाचपावा तसा.
हे नाव ज्यानं ठेवलं
तो पहाटे चारला आमच्या घरी नव्हता.

नव्हता, डॉक्टर म्हणाले. खरंय.
नाव शेवटावरून ठेवलंय, सुरुवातीवरून नाही.
मिसरूड फुटेस्तोवर जातं हे, बहुतेकांचं.
तोवर कुशीवर वळवा, घड्याळ बघा,
पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवा.
आणि चमचा सूपातच राहू द्या.

मी मलम पुसत होते तेव्हा तो जागा झाला.
केसांचे गुंते, डोळे लाल.
म्हणाला, मला ऐकू येतं सगळं.
तू हाका मारतेस. मी ओ देतो, आतल्या आत.
जीभ दुसऱ्याच कुणाची तरी होते.

आई काही बोलली नाही.
अडेलिंडाची कॉलर सरळच होती,
ती तिनं पुन्हा सरळ केली.

माझी पाळी संपली तेव्हा
बसथांब्यावर तिघं दिसली.
आई बाकावर झोपली होती, मान कलंडलेली,
तोंड किंचित उघडं.
आणि मुलगा, रात्रभर न झोपलेला,
तिच्या ओठांकडे टक लावून बसला होता.
बस आली तरी त्यानं तिला उठवलं नाही लगेच.