भांगाची भरती

नवव्या भागाच्या शेवटच्या पानावर ती मुलगी
मानशीच्या दारात उभी आहे,
हातात कंदील, पाणी घोट्यापर्यंत.
दहावा भाग इंग्रजीत निघालाच नाही.
चार वर्षं झाली, ती तशीच उभी.

खप नाही, परदेशातले प्रकाशक म्हणाले.
कुठून होणार? आमच्याकडे पाठवतच नाहीत.
माझे नऊ भाग आले ग्लॅडविनच्या मावशीच्या बॅगेतून,
स्विंडनहून, दर नाताळला दोन, एकदा तीन,
चॉकलेटं आणि लोकरी मोज्यांच्या मधोमध.

मग मोहीम निघाली.
कुठल्याशा थंड गावातला एक मुलगा तिचा म्होरक्या.
गोष्ट मिठागरांची, तर प्रत्येकाने
आपल्या गावचं चिमूटभर मीठ पाकिटात घालून
प्रकाशकांच्या दारी पाठवावं, असं त्याचं फर्मान.
शिवाय ज्यांनी फुकट, चोरून, पडद्यावर वाचलंय
त्यांनी नाव देऊ नये.
आपल्याला स्वच्छ माणसं हवीत.
मी वाचले होते, पहिले पाच भाग तसेच.
नाव दिलं आणि गप्प राहिले.

आगरवाड्याचं मीठ, मे महिन्यातलं,
जाड, जरासं चिखलाच्या रंगाचं,
घेऊन पेडण्याच्या पोस्टात गेले.
"पूड?" खिडकीतले हळर्णकर म्हणाले,
"परदेशात? माझी नोकरी घालवतेस काय?"
"मीठ आहे."
"तिथं मिळत नाही?"
शेवटी एक खडा जिभेवर ठेवून
त्यांनी शिक्का मारला.
तिकिटांना गेली तुयेच्या कारखान्यातली
माझी एक अख्खी रात्रपाळी.

उत्तर आलं दोन महिन्यांनी, सगळ्यांना एकच.
तुमचं प्रेम पोचलं.
पाकिटं, सुरक्षेसाठी, न फोडता नष्ट केली.
प्रेमाखातर काढतो आहोत पहिला भाग,
पुन्हा, जाड पुठ्ठ्यात, सोनेरी कडांचा.
प्रस्तावना: म्होरक्या.
तुमच्या देशात विक्रीस नाही.

"मिठाला जागला नाही मेला," सुयशा म्हणाली.
"खाल्लंच नाही कुणी," ग्लॅडविन म्हणाला,
"जागणार कसे?"
आम्ही हसलो, म्हापशाच्या स्टँडवर, बस सुटेपर्यंत.

पण माझा राग जुना आहे, आणि बारीक.
तिसरा भाग, पान एकशे बारा.
ती तापातून उठते. वाडग्यात पेज,
वर एक खारवलेलं आंबट फळ.
चित्रात शितंसुद्धा मोजता येतात.
आणि फुग्यात छापलंय: ओट्स, जॅम.

आमच्याकडे रोज अकराला पेज असते,
चेपणीतलं तोर असतं.
हे पान कुणी समजावून द्यावं लागत नाही
अशी घरं जगात किती असतील?
त्यांनाच नेमकं विकायचं नाही.
मी व्हाइटनर लावला, सुकू दिला,
काळ्या पेनाने लिहिलं, देवनागरीत: पेज.
ग्लॅडविन दोन दिवस बोलला नाही.
पुस्तकाची किंमत गेली म्हणे.

आईला गोष्ट मीच सांगत आलेय, भागाभागाने,
ती विळीवर बसलेली असताना.
आज तिने विचारलं, "गो, ती पोर घरी पोचली?"
"नाही. छापतच नाहीत."
"दाखव बघू."

हात पदराला पुसून तिने पान धरलं.
आईला इंग्रजी येत नाही.
तिने मुलीकडे पाहिलं नाही, पाण्याकडेही नाही.
बोट ठेवलं वरच्या कोपऱ्यात.
"हा चंद्र अर्धा आहे.
अष्टमीचा. म्हणजे भांग.
उधाण नाही हे. गुडघ्याच्या वर चढायचं नाही पाणी."

मी म्हटलं, काढणाऱ्याने
शोभेसाठी काढला असेल चंद्र.

आईने मागची पानं उलटली.
बांध पाहिले, कोंडी पाहिल्या,
फळी ओढणाऱ्या बायकांच्या पाठी पाहिल्या बराच वेळ.
"नाही," ती म्हणाली, "ह्याला ठाऊक आहे,"
आणि पेजेत मीठ घातलं.