पाठराखीण

अलामांद हे तिचं नाव. मी ते मोठ्यानं उच्चारलं शेवटचं
लुआर नदीच्या पुलावर. ती चौदाची होती,
आणि माझ्या मनगटावर तिचा ससाणा, डोळ्यांवर टोपी ओढून.
पलीकडच्या काठावर बिशपनं तिला दुसरं नाव दिलं :
ओडीएर्न.
आमच्या दक्षिणेतलं नाव म्हणे राजाच्या तोंडात बसेना.
तिनं ते घातलं, दुसऱ्या कुणाच्या जोड्यासारखं,
आणि चालून चालून सैल केलं.

मी रिक्सेंद.
तीन पेट्या, एक खेचर, हस्तिदंती कंगवा आणि मी
एवढं माहेरून आलं.
खेचर पहिल्याच हिवाळ्यात गेलं.

सासूच्या कमरेला सतरा किल्ल्या.
जिन्यावरून आधी त्यांचा आवाज उतरायचा, मग ती.
अठरा वर्षं आमची पोर या देशाची राणी होती
आणि मिठाच्या कोठीत विचारून जायची.

राजा वाईट नव्हता.
शिकारीहून आला की चिखलाच्या बुटांनी तिच्या दाराशी उभा राही,
काय बोलावं सुचलं नाही की कुत्र्यांबद्दल बोले.
तिला सगळ्या कुत्र्यांची नावं पाठ होती.

बाप्तिस्म्याचा झगा एकच, सात बाळांना पुरला.
त्यातल्या तिघांना तो कधी आखूडच झाला नाही.

आमच्या भाषेत ती फक्त माझ्याशी बोलायची, तेही रात्री,
केस मोकळे असताना :
उवा, अंजिरं, सासूला शिव्या.
मुलं दाराआडून हसत. थोरला रेनो म्हणायचा,
आई कोंबड्यांची भाषा बोलते.

पेत्रोनिलला सहाव्या वर्षी ऱ्हाईनपार दिली,
एक किल्ला आणि दोन जकातनाक्यांच्या बदल्यात.
त्या रात्री तिनं आरशात न बघता विचारलं,
"हिची पाठराखीण कोण?"
मी चाळिशीची. गुडघे धरलेले.
आणि खरं सांगते, एक नदी ओलांडून झाली होती माझी.
म्हटलं, दुसरी कुणी तरणी बघा.
तिनं माझ्या हातातून कंगवा घेतला
आणि उरलेले केस स्वतः विंचरले.
त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.
दर शरदात पत्र यायचं, कुणा कारकुनाच्या अक्षरात.
पाचव्या पत्राखाली पोरीनं स्वतः सही केली होती.
नाव वेगळं होतं.

मग ते चाळीस दिवसांच्या उपासातलं आजारपण.
खोलीत इतके पुरुष की खिडकीचा उजेड अडला.
दासींनी उंबऱ्याबाहेर.
ती म्हणाली, "ऐगा."
पुन्हा म्हणाली, "ऐगा."
रेनो, आता राजा, वाकला. वर बघून म्हणाला, काय म्हणते?
बिशपनं डोळे मिटले :
संत आगाथेला हाक मारतायत राणीसाहेब.
कारकुनानं तसं लिहून घेतलं. मेणबत्त्या आल्या.

ऐगा म्हणजे पाणी.
आमच्याकडे तान्हं पोर आधी तेच मागतं.

मी ओरडले की. ओरडले ना मी, उंबऱ्यावरून.
पण एवढ्या वर्षांची उत्तरेची बोली
ऐन वेळी माझ्या तोंडातून पळाली,
आणि जे बाहेर आलं ते त्यांना कळलं नाही.
एका पहारेकऱ्यानं मला प्रेमानंच बाजूला केलं,
दुःखानं बडबडतेय म्हणून.

अंग धुवायला मात्र मलाच बोलावलं.
मी सुरुवात ओठांपासून केली.

आता मठात तिची दगडी मूर्ती आडवी आहे,
पायाशी आगाथा कोरली आहे.
दूध आटलेल्या बायका लांबून येतात,
काहींना गुण येतो म्हणे. येवो.
मी गुरुवारी जाते. विहिरीवरून तांब्याचा लोटा भरते
आणि त्या तोंडावर ओतते, सावकाश,
तिचं जुनं नाव घेत.
मठाचा म्हातारा झाडूवाला दर वेळी चिडतो.
दगडाला शेवाळ धरतं, म्हणतो.